चार अक्षरांची जागा

कोल्हापूरच्या आमच्या शिवाजी पेठेत आईबापानं ठेवलेलं नाव रेशनकार्डापुरतं असतं. खरं नाव पेठ ठेवते. शमुवेल सरांना पेठेनं ‘उलटे सर’ करून टाकलं होतं. कारण एवढंच, की हा माणूस उजवीकडून डावीकडं लिहायचा. निम्म्या पेठेला वाटायचं, ते उर्दूचे मास्तर आहेत. ईदला तालमीतली पोरं त्यांना शुभेच्छा द्यायची आणि सर ‘तुम्हालाही’ म्हणून पुढं जायचे. मी एकदा म्हटलं, “सर, सांगा की त्यास्नी, मी ख्रिस्ती हाय, हिब्रू शिकवतोय म्हणून.” तर म्हणाले, “सणाच्या दिवशी पोरगं गोड बोलतंय. त्याला कशाला दुरुस्त करायचं?”

मी दिगंबर. पेठेत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फुटबॉलच्या सामन्यांचे फलक, निवडणुकीची पत्रकं, कॉलेजच्या लोकांचे प्रबंध. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं टाईप केलंय, स्वतःचं असं हे पहिलंच. सरांच्या विद्वत्तेवर लिहिण्याएवढी माझी अक्कल नाही. पण त्यांचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं नुकसान माझ्या हातून झालं, आणि ते दुसरं कुणी सांगणार नाही. म्हणून बसलोय.

सर पहिल्यांदा दुकानात आले ते कापडी पिशवी पोटाशी धरून. पांढरा शर्ट, बारीक चण, काचेवर बोटांचे ठसे असलेला चष्मा. दारातच विचारलं, “उजवीकडून डावीकडं टाईप होतं का तुमच्याकडं?”

“न व्हायला काय झालं? वरनं खाली सांगा, तसं करतो.”

ते हसले नाहीत. आत आले, पिशवीतून शंभरपानी वही काढली, आणि ती माझ्यापुढं ठेवण्याआधी विचारलं, “पाणी कुठंय?” मला वाटलं तहान लागली. मी तांब्या पुढं केला. सर दाराबाहेर गेले, त्या पाण्यानं दोन्ही हात मनगटापर्यंत धुतले, वाऱ्यावर वाळवले आणि मगच वही उघडली. मी मनात म्हटलं, आलं बाबा एक येडं गिऱ्हाईक.

त्या वहीत बायबलच्या जुन्या करारातली हिब्रू गाणी होती, पहिली काही. अशा बऱ्याच वह्या यायच्या होत्या, गाणी सगळी मिळून दीडशे. सरांनी ती मधे कुठलीही दुसरी भाषा न घेता सरळ मराठीत आणली होती, आणि मराठीही आमच्याच अंगाची. “गडमुडशिंगीतल्या बाईला भांडी घासताना म्हणता आली पाहिजेत,” म्हणायचे. सर मूळचे मुडशिंगीचेच, राहायलाही तिथंच, पेठेत बसनं यायचे. वडील इथल्या पाद्रीसाहेबांच्या बंगल्यावर माळी. वाफ्यातल्या ओल्या मातीत काटकीनं अक्षरं काढून एका म्हाताऱ्या पाद्र्यानं त्यांना हिब्रू शिकवलं. मग दक्षिणेत शिकायला, मग परदेशात सहा वर्षं. हिब्रू, आरामी, सुरियानी, ग्रीक. पदवीच्या वर पदवी. तिथल्या विद्यापीठात नोकरीही देत होते.

“मग आलात कशाला परत?” मी एकदा फाडकन विचारलं. आम्हा लोकांना पोटात ठेवून बोलता येत नाही.

“मला वाटलं, आपल्याकडं चार पोरं तरी शिकतील.”

चार पोरं! ज्या धर्मविद्यालयात लागले तिथला प्राचीन भाषांचा वर्ग विद्यार्थ्यांअभावी बंद पडला. विद्यापीठाला असल्या भाषांची गरज नव्हती. मग कोल्हापुरात एका ज्युनिअर कॉलेजात त्यांनी निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवलं. दोन हजार वर्षांपूर्वीची पोथी नुसती वाचून कुठल्या गावच्या लेखनिकानं लिहिली ते सांगणारा माणूस, आणि इथं अकरावीच्या पोरांकडून पत्रलेखन घोटून घेत होता. दर रविवारी चारला चर्चच्या मागच्या खोलीत ते हिब्रूचा फुकट वर्ग घ्यायचे. सुरुवातीला अकरा जण होते. मग तीन. मग एक पोरगी, तिचंही लग्न झालं. तरी सर चारला जायचे, फळा पुसायचे, अर्धा तास बसायचे. मी म्हटलं, “सर, वर्ग बंद पडला की तुमचा.” तर म्हणाले, “वर्ग हाय. विद्यार्थी न्हाईत, एवढंच.”

एकदा एक परदेशी पाहुणा त्यांना शोधत पेठेत आला. पोरांना प्रोफेसर म्हणून कुणी ठाऊकच नव्हतं. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला, “आरं, उलटे सर म्हणतोय त्यो!” आणि त्या गोऱ्याला मोटारसायकलवर मधे बसवून, ट्रिपल सीट माझ्या दुकानात आणून टाकला. सर प्रुफं बघत होते. तो पाहुणा त्यांच्यापुढं उभाच राहिला, बसेना. मग दोघं अडीच तास बोलले. भाषा कुठली ते देव जाणे, पण सरांचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा चढलेला ऐकला. मधेच हात काय हलवत होते, हसत काय होते! जाताना पाहुण्यानं मला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, “यांचा प्रबंध आमच्याकडं आम्ही पहिल्या वर्षाला वाचतो. हे इथं काय करतात?”

मी म्हटलं, “चहा घेणार?”

तर त्या गाण्यांचं सांगत होतो. एका शब्दासाठी सर वर्षानुवर्षं अडायचे. ‘खेसेद’ असा एक हिब्रू शब्द त्या गाण्यांत सारखा येतो. देवाची माणसावरची माया म्हणा. पण कृपा लिहिलं की खोडायचे, दया लिहिलं की खोडायचे. “दया करणारा वर असतो रे, दिगू. यात वर-खाली न्हाय.” मग जो भेटेल त्याला विचारत सुटायचे. एका संध्याकाळी आम्ही दूध कट्ट्यावर, गवळी म्हशी आणून गिऱ्हाइकापुढंच धार काढतात तिथं, धारोष्ण दूध प्यायला गेलतो. तिथं एका गवळ्यानं दुभत्या म्हशींच्या शेजारी एक हाडं निघालेली भाकड म्हैसही आणून बांधली होती. सरांनी विचारलं, “हिला का आणता, पावणं? दूध तर न्हाय.”

गवळी कावला. “सहा वेतं दिलीत हिनं. आता भाकड झाली म्हणून एकटी घरात ठिवू व्हय?”

“न्हाई, पण याला म्हणायचं काय?”

“म्हणायचं काय म्हंजे? सोडत न्हाई. बास.”

सरांनी पेला तसाच खाली ठेवला. तिथल्या तिथं पिशवीतून कागद काढला आणि लिहिलं, ‘न सोडणारी माया’. मला दाखवला. डोळे भरले होते त्यांचे. परदेशातल्या कुठल्या ग्रंथालयात सापडलं नाही ते कोल्हापुरात म्हशीजवळ सापडलं, आणि ते सापडेपर्यंत माणसाचे केस पांढरे झाले होते.

आता मुद्द्याचं. त्या गाण्यांत देवाचं एक नाव येतं, चार अक्षरांचं. सरांनी ते कधी उच्चारलं नाही. माझ्यापुढं तर नाहीच. ते म्हणायचे, जुने लेखनिक त्या नावाशी आले की थांबायचे, हात धुवायचे, मग लिहायचे. काही जण तेवढी जागा सोडून पुढं जायचे आणि ती शेवटी एकट्यानं बसून भरायचे. सरांनी तीच रीत धरली होती. हिब्रू शेजारी छापायचा पहिला बेत सोडून सगळं पुस्तक नुसतं मराठीत टाईप करायचं, पण जिथं जिथं ते नाव येतं तिथं स्पेस मारून चार अक्षरं मावतील एवढी मोकळी जागा सोडायची. पुस्तकाची पानं मशीनवर लावून पहिली प्रत निघाली की त्या प्रतीत ते स्वतःच्या हातानं, मूळ हिब्रू अक्षरांत, नाव भरणार. मग त्या प्रतीवरून बाकीच्या छापायच्या. एका एका पानावर पाच पाच, सहा सहा जागा.

मला यात नवल वाटलं नाही. आमची आई रोज दुपारी वहीत दत्ताचं नाव लिहायची. त्या वहीत वाण्याची यादी लिहिलेली तिला चालायची नाही. वह्या भरल्या की पौर्णिमेला नृसिंहवाडीला नेऊन नदीत सोडायची. तिला सरांचं सांगितलं तर म्हणाली, “मास्तर शहाणा माणूस हाय. तू नीट कर त्येचं काम. घाई करू नगंस.”

सरांची आणखी एक रीत होती. वही टाईप होऊन तपासून झाली की ती वही आणि तिची प्रुफं ते घरी नेऊन शेतात पुरायचे. “नाव नसलं तरी नावाची जागा हाय त्यात. रद्दीत कशी घालू? जुने लोक असला कागद माणसासारखा पुरायचे.” अशा करत करत नऊ वर्षांत सगळ्या वह्या मातीत गेल्या. सगळं काम उरलं ते माझ्या मशीनमध्ये.

तेवढ्यात सरांच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. एक डोळा कळायच्या आधीच गेला होता, दुसऱ्याचा भरवसा डॉक्टर देईनात. सर मला म्हणाले, “दिगू, वाचन बंद केलंय मी. जेवढी नजर हाय तेवढी नावासाठी राखून ठेवलीय. तू पानं लावून दे लवकर.”

मी जीव तोडून कामाला लागलो. नवं मशीन घेतलं, जुनं भंगारात दिलं. त्या दिवशी पेठेच्या फुटबॉल संघाची फायनल होती. चारला मॅच आणि तीनला मी सरांची सगळी पानं लावून संपवली. डीटीपीवाल्याची एक सवय असते. काम संपलं की शेवटी एक कमांड मारायची. जिथं एकापेक्षा जास्त स्पेस पडली असेल तिथं एकच ठेवायची. लोक टाईप करताना स्पेस जास्त मारतात, पान घाण दिसतं. वीस वर्षं प्रत्येक कामावर मी ती मारत आलोय. हाताला शिकवावं लागत नाही. मी मारली, सेव्ह केलं, पेनड्राइव्हवरही तेच चढवलं, शटर ओढलं आणि मॅचला गेलो. आम्ही दोन-एकनं जिंकलो. गुलाल घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सर आले. हात धुऊन बसले. मी मोठ्या दिमाखात पहिलं पान काढून दिलं. त्यांनी ते एका डोळ्याजवळ धरलं, बोट ओळीवरून सरकवलं, परत मागं आणलं. मग शांतपणे विचारलं, “जागा कुठं गेल्या?”

मी दुसरं पान बघितलं, दहावं, शंभरावं. सगळीकडं ओळी कशा सुबक, घट्ट, चिकटून. एवढं सुंदर लावलेलं पान मी जन्मात केलं नव्हतं. आणि एकही जागा नाही.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या, कानाखाली ओढली असती, तरी मी तोंड वर केलं नसतं. ते उठले, पिशवी घेतली आणि ती पानं मागितली. “पुरायला पाहिजेत,” म्हणाले.

घरी आईला सांगितलं. आई गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, “दिग्या! देवाचं नाव पुसलंस व्हय रं, मुडद्या? मॅचपाय?” आणि पदर तोंडाला लावून रडायला बसली. मी सकाळी उठून कुदळ घेतली आणि थेट मुडशिंगी गाठली. म्हटलं, पुरलेल्या वह्या उकरून काढू, त्यांवरनं जागा परत लावू. सर घरात झोपले होते. त्यांची थोरली बहीण रूथआक्का, लग्न न करता भावाचं घर सांभाळलेली, कडक बाई. तिनं बांधावर येऊन मला उकरताना बघितलं. दोन हात खोल गेलो तर वाळवी आणि काळा चिखल. एका पुठ्ठ्यावर सरांच्या अक्षरातलं एक ‘माया’ तेवढं दिसलं, तेही बोट लावताच गेलं.

आक्का म्हणाली, “आता माती सारखी कर. आन् आत यून च्या घे.”

मी माती सारखी करून आत गेलो. आतल्या खोलीतून सरांचा आवाज आला, “दिगू, तू मराठी वाच. हिब्रू माझ्या डोक्यात हाय.”

त्या दिवसापासून रोज एकच्या बसनं सर दुकानात यायचे. मी शटर निम्मं ओढायचो. मी मराठी ओळ वाचायचो, ते डोळे मिटून मूळ हिब्रू ओठात पुटपुटायचे आणि बोट वर करायचे. “इथं.” मी तिथं जागा सोडायचो. दीडशेच्या दीडशे गाणी त्या माणसाला पाठ होती. मला काही कळत नव्हतं, पण ऐकून ऐकून मलाही काही ठिकाणं आधीच कळायला लागली. मी वाचता वाचता थांबलो की ते म्हणायचे, “शाब्बास. तू माझा बारावा विद्यार्थी.” असं बोलले की मला जास्तच भरून यायचं. कारण रोज त्यांची नजर चमचाभर कमी होत होती, आणि ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. आधी बसचा नंबर दिसेना. मग पायरी. मग माझा चेहरा. दिवाळी झाली, संक्रांत झाली. शेवटच्या गाण्याची शेवटची जागा सोडली त्या दिवशी सरांनी हात पुढं केला आणि मशीनचा पडदा चाचपला.

“उजेड हाय का याला?” त्यांनी विचारलं.

“हाय, सर.”

“बरं.”

मी किती वेळा म्हटलं, आपण नाव टाईप करून टाकू, एका मिनिटात सगळीकडं बसतंय. त्यांनी ऐकलं नाही. “मशीनला हात कुठं हायेत धुवायला?” म्हणाले. मग मी एकच प्रत काढली, चांगल्या जाड कागदावर, आणि शिलाई घालून मुडशिंगीला घेऊन गेलो. सर अंथरुणाला खिळले होते. डोळ्यांपाठोपाठ छातीचं दुखणं आलं होतं. ही त्यांची माझी शेवटची भेट. त्यानंतर चौथ्या दिवशी ते गेले. चर्चच्या दफनभूमीत माणसं मोजकीच होती, आणि त्यांत हिब्रू येणारं कुणी नव्हतं. ती प्रत माझ्या आईच्या देवघरात आहे, तिच्या दत्ताच्या नावाच्या वहीशेजारी. आईनंच ठेवली. मला विचारलंसुद्धा नाही.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं. मी प्रत त्यांच्या मांडीवर ठेवली. सरांनी कागदाचा वास घेतला. आक्काला म्हणाले, “पाणी आण.” तिनं परात धरली, मी तांब्यानं पाणी घातलं. मनगटापर्यंत हात धुतले. पुसले नाहीत, हवेत धरून वाळवले. मग माझ्याकडून पेन घेतलं आणि म्हणाले, “बोट ठेव माझं.”

मी त्यांचं बोट पहिल्या जागेवर ठेवलं. त्यांनी बोट उचललं, पेन टेकवलं आणि उजवीकडून डावीकडं चार अक्षरं काढली. काय अक्षर होतं! वळण जराही मोडलं नव्हतं. फक्त बोट उचलून पेन टेकवेपर्यंत हात दोन ओळी वर सरकला होता. जागा कोरीच राहिली आणि नाव छापलेल्या शब्दांवर चढलं.

“जागेवर बसलं का?”

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “बसलं की, सर. मधोमध.”

“पुढचं.”

दुसरं समासात गेलं. तिसरं ओळीवर. चौथं अर्धं पानाबाहेर, चादरीवर. प्रत्येक वेळी ते विचारायचे, बसलं का, आणि मी म्हणायचो, बसलं. आक्का परात तशीच हातात धरून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी टपटप त्या परातीत पडत होतं. सातवं झालं. सर दमले होते, कपाळाला घाम आला होता. पेन हातात धरून ते थोडे हसले.

“सातच्या सात बसली? डोळं असताना माझी कधी सात ओळीनं बसली न्हाईत, दिगू.”

मी त्यांचं बोट घट्ट धरून तसाच बसलो.

सरांनी ते हळूच सोडवून घेतलं आणि दोन्ही हात परत परातीवर धरले. “असू दे,” म्हणाले. “पाणी घाल. आठवं काढ.”